शिवेच्या अलीकडची सीताफळं

यवतमाळ जिल्ह्यातून फिरून आल्याला आता बरेच दिवस झाले, आणि माझं पोट बिघडलेलं नाही. हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकते, कारण मी निघाले तेव्हा ते बिघडणार याबद्दल आमच्या घरात कुणालाही शंका नव्हती. मुलगा म्हणाला, "आई, बसच्या खिडकीतून काही घ्यायचं नाही." सूनबाईंनी त्यात भर घातली, "कापलेलं फळ नाही, उघड्यावरचं तळलेलं नाही, आणि कुणाच्या बाटलीतलं पाणी तर नाहीच नाही." मग तिनं माझ्या पिशवीत बंद पाकिटांची चळत भरली. त्यातल्या एकावरही मला वाचता येईल एवढ्या अक्षरात काही लिहिलेलं नव्हतं.

मी मुकाट्यानं सगळं घेतलं. साठी उलटलेल्या बाईनं काय खावं हे शिकवणाऱ्यांशी वाद घालू नये. मान हलवावी, बस सुटेपर्यंत हात हलवावा आणि पुढे मनासारखं वागावं. सांगलीची हद्द ओलांडायच्या आत मी मनाशी ठरवून टाकलं की या प्रवासात पाकीट फोडायचं नाही आणि हॉटेलाची पायरी चढायची नाही. जे खिडकीपाशी येईल आणि जे रस्त्याच्या कडेला मांडलेलं असेल, त्यावरच राहायचं.

यवतमाळच का, असंही विचारून झालं. माझी भाची मनीषा पांढरकवड्याला असते, हे घरच्यांना सांगायचं कारण. खरं कारण असं की मी उभी हयात हायस्कुलात भूगोल शिकवला. कापसाचा जिल्हा म्हणून नकाशावर त्या जागी बोट ठेवलं, पोरांकडून पाठ करून घेतलं, आणि स्वतः कधी तिकडे फिरकले नाही. निवृत्त झाल्यावर याची मला लाज वाटण्याऐवजी राग यायला लागला. रागावर उपाय म्हणजे तिकीट काढणं.

दिग्रस

पुसद सोडल्यावर दोन्ही अंगांना कापूसच कापूस होता. आमच्याकडे एवढ्या सलग जागेत फक्त ऊस दिसतो, आणि उसाच्या आत काय चाललंय ते कळत नाही. इथे शेताच्या पार पलीकडच्या बांधावरची बाईसुद्धा दिसत होती, कमरेला ओटी बांधून वेचणारी. मला ते मोकळं रान फार आवडलं.

दिग्रसच्या स्थानकात बस शिरली तशा खिडक्यांखाली टोपल्या आल्या. "शिंगाडे, गरम शिंगाडे" अशी हाक ऐकून मी वाकून पाहिलं. आमच्या घरी शिंगाडा म्हणजे उपासाचं पांढरं पीठ. ते आधी कसं दिसत असेल याचा मी जन्मात विचार केला नव्हता. टोपलीत काळीकुट्ट, दोन शिंगं असलेली, वाफाळणारी काहीतरी वस्तू होती. एखाद्या लहानशा रेड्याचं डोकं उकडून ठेवल्यासारखी.

शेजारच्या सीटवर दिग्रसमध्येच चढलेले एक गृहस्थ होते. कोणे एके काळी कापसाच्या जिनिंगमध्ये मुनीम होते म्हणाले. मी पिशवीतून सुटे काढते आहे असं बघून ते हळूच म्हणाले, "बाई, कायले घेता? डबक्यातले असतात हे. पाण्याचा काही भरोसा नाही."

खिडकीखालच्या बाईचे कान तिखट होते. ती वर न बघताच म्हणाली, "तलावातले हायेत जी. डबक्यात तुम्हीच पोहत असान."

अख्खी बस हसली. मुनीमजीही हसले, पण जरा उशिरा. मी शिंगाडे घेतले आणि मांडीवर कागद पसरून बसले, तर ते कसे फोडायचे हेच कळेना. दातानं चावले तर शिंग टोचलं. मुनीमजींनी दोन मिनिटं माझे हाल पाहिले आणि मग त्यांना राहवेना. "द्या इकडे," म्हणाले आणि नखानं कड धरून असा काही सोलला की आतला पांढरा गर अख्खा माझ्या हातात आला. चव उकडलेल्या बटाट्याच्या आणि कच्च्या खोबऱ्याच्या मधली. यवतमाळ येईपर्यंत आम्ही दोघांनी मिळून ते संपवले, आणि जास्त वाटा डबक्याला नावं ठेवणाऱ्याच्या पोटात गेला. माझी बोटं मात्र दोन दिवस शाई लागल्यासारखी काळी राहिली.

राळेगावच्या वाटेवर

दुसऱ्या दिवशी मनीषा म्हणाली, "मावशी, आज आराम कर." मी म्हटलं, राळेगावला जाऊन येते. "तिथं पाहासारखं काय हाये?" लग्न होऊन इकडे आल्यावर तिची बोली आता पार वऱ्हाडी झाली आहे. मी म्हटलं, "रस्ता." ते तिला पटलं नाही, पण मला अडवायचा तिला काही अधिकार नव्हता.

वाटेत एका खेड्यापाशी बसमध्ये कापूस वेचून परतणाऱ्या बायका चढल्या. त्यांतली एक, मंगलाबाई, शेतमालकाच्या बांधावरचे पेरू विकायला घेऊन निघाली होती. इकडे पेरूला जाम म्हणतात. तिनं बसच्या फळीवरच फडकं पसरलं आणि चार-चार जामांचे ढीग लावले. या ढिगाला इकडे वाटा म्हणतात. काटा नाही, वजन नाही. सगळ्या वाट्यांची किंमत सारखीच. आमच्या मंडईत आता भाजीवालीकडेही इलेक्ट्रिक काटा आला आहे, आणि आम्ही त्या लाल आकड्याकडे देवाकडे बघावं तसं बघतो. त्यामुळे मला हा प्रकार सोपा वाटला. मी एका वाट्यातला हिरवा जाम उचलला, तो दुसऱ्या वाट्यात ठेवला आणि तिथला पिवळा आपल्याकडे ओढला.

मंगलाबाईनं माझ्या हातावर हलकी चापट मारली. "वाटा मोडाचा नाही, मावशी. घ्याचा तं अख्खा घ्या."

"पण यात एक कच्चा आहे."

"असंन ना. मी लावला तवा मले माहीत हाये. त्यात बाकीचे तीन मोठे ठेवले मी."

मी बघितलं, तर खरंच तसं होतं. काट्यावर मापलं तरी एवढा नीट हिशेब झाला नसता. मी तो कच्चा जाम असलेला वाटाच घेतला. "कापू काय?" तिनं विचारलं आणि कमरेचा विळा काढला. विळ्याला गवताचं हिरवं लागलेलं होतं. तिनं तो पदराला पुसला. सूनबाईंचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर लख्ख उभा राहिला. मी म्हटलं, "कापा."

त्यावर तिनं पुरचुंडीतलं तिखट-मीठ असं काही चोळलं की पहिल्या फोडीला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, नाकातून आलं आणि ठसका लागला. मागच्या सीटवरच्या बाईनं आपली बाटली पुढे केली. मी ती तोंडाला लावून प्यायले. सूनबाईंचे दोन नियम एका दमात मोडले गेले आणि मला फार बरं वाटलं.

फाटा

झरी जामणीकडे जाणारी गाडी लाल, जुनी आणि खिळखिळी होती. वाहक वैशाली नावाची तरुण मुलगी होती. चालक चाळिशीचा, कपाळाला आठी, मान ताठ. तिकीट काढताना मी वैशालीला म्हटलं, "जिथं चांगली सीताफळं मिळतील तिथं मला उतरव." ती म्हणाली, "मंग फाट्यावर उतरा मावशी. तिथल्या कोलाम बाया पोडावरून आणतात, डोंगरातले. पण गाडी ऐन फाट्यावर नाही थांबत आता. रस्ता मोठा झाला तं शेड पुढं बांधलं." पोड म्हणजे कोलाम आदिवासींची डोंगरातली वस्ती.

टेकड्या सुरू झाल्या, साग दाट झाला आणि फाटा आला. एका थोरल्या मोहाच्या झाडाखाली भरलेल्या टोपल्या घेऊन तीन-चार बायका बसल्या होत्या. गाडी दिसताच त्या उठल्या आणि त्यांनी हात वर केले. चालकानं खिडकीतून हात काढून 'पुढं या' अशी खूण केली आणि गाडी पुढच्या शेडपाशी नेऊन उभी केली. मी उतरून मागे बघितलं. माझ्याच वयाची एक काटकुळी बाई डोक्यावर टोपली घेऊन पळत येत होती. अर्ध्या वाटेवर रस्त्याच्या कडेला चुना लावलेला एक दगड होता. त्या दगडापाशी येऊन ती थांबली. धाप लागलेली, एक हात टोपलीला, नजर गाडीकडे. आणखी थोडी पळाली असती तर गाडी गाठली असती. ती जागची हलली नाही. गाडी निघून गेली.

मी तिच्यापाशी गेले. "एवढं पळालात आणि इथंच का थांबलात?"

"शीव हाये," ती म्हणाली आणि मागे फिरली. तिचं नाव भिमाबाई.

झाडाखाली गेले तर पळसाच्या पानांवर काय सीताफळं होती. डोळे उघडलेली, खाचांमधून पिवळसर झाक आलेली, काहींना तर नुसत्या वासानंच तडा गेलेला. मी वाकून म्हटलं, "हा वाटा द्या." वाटा न मोडण्याचं शिक्षण मला नुकतंच मिळालं होतं.

भिमाबाई म्हणाली, "इकाचं नाही."

मला वाटलं, दुसऱ्या कुणासाठी ठेवला असेल. मी पलीकडचा दाखवला. तोही विकायचा नव्हता. कुठलाच नव्हता. मी उन्हातून आलेले, दोन तास खिळखिळ्या गाडीत हाडं मोजून घेतलेली. माझा पारा चढला. "मग रस्त्यावर मांडून कशाला बसलाय? दाखवायला?"

भिमाबाईची सून सुनीता, पाठीला लेकरू बांधलेली, ती बोलली. "माह्या सासूले विचारा. मी तं दोन दिवसापासून विचारून राह्यली."

मग सगळं कळलं, आणि ते मला दोनदा विचारावं लागलं. यांच्या पोडाची रीत अशी. डोंगरातलं सीताफळ तयार झालं की पहिलं देवाला. ते झाल्याशिवाय घरात कुणी तोंडात घालत नाही. त्यानंतरचा पहिला वाटा गाडीचा. हा रस्ता झाला, त्यावरून पहिली बस आली आणि तिच्यातली माणसं यांचं फळ विकत घ्यायला लागली, तेव्हापासूनची ही रीत. त्याआधी फळ डोंगरातच माकडं खायची. म्हणून दर हंगामाला पहिली टोपली बसमध्ये फुकट द्यायची, चालकापासून मागच्या बाकापर्यंत. ती दिल्याशिवाय एक दाणा विकायचा नाही.

"देवाचं झालं," भिमाबाई म्हणाली. "आता गाडीचं राह्यलं. आधीचे डायवर थांबत. थ्याइले माहीत होतं. हा नवीन हाये. शेडापाशी थांबते."

"मग शेडापाशी नेऊन द्या ना टोपली."

"शेड दुसऱ्या गावाच्या शिवंत हाये."

मी त्या चुना लावलेल्या दगडाकडे बघितलं. या डोंगराचं पहिलं फळ परक्याच्या शिवेत वाटलं तर डोंगर रुसतो, पुढच्या वर्षी बहर धरत नाही, असं तिचं म्हणणं. गाडी शिवेच्या पलीकडे थांबणार आणि ही शिवेच्या अलीकडे. मधे काय ते दोन-चार शेतांच्या रुंदीचं अंतर, आणि त्या अंतरात टोपल्याच्या टोपल्या नासत होत्या. सीताफळ कुणासाठी थांबत नाही. आज डोळे उघडले की उद्या हात लावला तर पिचकतं.

खरं सांगते, आधी मी चिडले. आयुष्यभर मी तालुक्यांच्या सीमा खडूनं फळ्यावर काढल्या आणि तास संपला की डस्टरनं पुसल्या. एका दगडापुढे पाऊल न टाकणारी बाई मला वेडी वाटली. तसं मी बोललेही. "भिमाबाई, डोंगर नाही रुसायचा. फळ मात्र जाईल."

"जाऊ द्या," ती म्हणाली.

"काय जाऊ द्या?" सुनीता उसळली. मग ती कोलामीत सासूला बरंच काही बोलली, ते मला कळलं नाही, पण कुठल्याही भाषेतल्या सुनेचा तो स्वर मला पाठ आहे. नंतर माझ्याकडे वळून म्हणाली, "शहरातला एक बेपारी हाये, पिकअप घेऊन येते. थो म्हणते सबन माल मले द्या, कॅरेटात भरून, हंगामभर. अठी बसाचं कामच नाही मंग. आज सांजंला येते थो. म्या सांगून ठेवलं, आज गाडी नाही थांबली तं भर बाप्पा, घेऊन जा. नासवल्यापरिस बरं."

"आणि मग तुम्ही इथं बसणार नाही?"

"कायले बसन? तो रस्त्यावर इकू देईन काय?"

भिमाबाई दुसरीकडे बघत होती. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते, पण हात टोपलीवरची पानं सारखी करत होते, जिथे सारखं करण्यासारखं काही नव्हतं. या झाडाखाली ती सून म्हणून बसायला आली, असं मागाहून तिनं सांगितलं. स्वतःच्या तोंडानं भाव सांगायचा, आवडला तर घ्या, नाही तर चालू लागा, असं म्हणायची तिची ही एकच जागा. सांजेला ती जागाच जाणार होती.

तेव्हा माझा राग पलटला. कुणावर हे सांगता येणार नाही. व्यापारी त्याचा धंदा करत होता, चालक त्याच्या नियमानं चालला होता, शेड जिथे जागा मिळाली तिथे बांधलं गेलं होतं. चूक कुणाचीच नव्हती, आणि तरी ही बाई हरणार होती. मला असले प्रकार सहन होत नाहीत. मी विचारलं, "हीच गाडी परत कधी येते?"

"दुपार कलली की."

"मग मी थांबते."

"तुमी कायले?" भिमाबाईनं पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं.

"मला सीताफळ खायचंय म्हणून," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं.

सीताफळ विकायचं नव्हतं, पण भाकरी विकायची नव्हतीच, त्यामुळे ती मला मिळाली. ज्वारीची, अंबाडीच्या आंबट भाजीबरोबर. सुनीता तोवर निवळली होती. मी तिच्या लेकराला मांडीवर घेतलं आणि झाडाला टेकून वाट बघत बसले.

लांबून गाडीचा आवाज आला. ती शेडपाशी थांबली, दोन माणसं उतरली आणि ती पुन्हा निघाली. मी लेकरू सुनीताकडे दिलं आणि चुन्याच्या दगडाच्या बरीच अलीकडे, झाडासमोर, रस्त्याच्या मधोमध हात वर करून उभी राहिले. चालकानं हॉर्न वाजवला. मी हात वरच ठेवला. त्यानं पुन्हा वाजवला. मग ब्रेक कचकचले आणि गाडी माझ्यापुढे येऊन थांबली. इंजिनाची गरम हवा थेट माझ्या तोंडावर आली.

त्यानं खिडकीतून डोकं काढलं. "काय ओ आज्जी, मरायचं हाय काय? थांबा मागं हाय की."

तो 'काय ओ' ऐकताच मी ओळखलं. "कुठलं गाव म्हणायचं तुमचं?"

तो गोंधळला. "तासगाव तालुका. का?"

"मी सांगलीची. गाडी बंद करा जरा."

गाववालीचा हुकूम त्याला लगेच मोडता आला नाही. त्यानं गाडी बंद केली. "चढा मग लवकर."

"मला चढायचं नाही. ही बाई काय देतीय ते घ्यायचंय तुम्ही."

भिमाबाई टोपली घेऊन खिडकीखाली उभी राहिली. मी रीत सांगितली, जमेल तेवढी थोडक्यात. प्रवासी माना काढून ऐकत होते. चालकानं शांतपणे ऐकून घेतलं आणि मान हलवली. "न्हाई. ड्यूटीवर फुकटचं काय घ्यायचं न्हाई, हा आपला नेम हाय. चहा बी घेत न्हाई कुणाचा."

आता आली का पंचाईत. लबाड माणूस असता तर त्याला पटवता आला असता. हा सरळ निघाला. वैशाली मागून म्हणाली, "मी घेतो ना मावशी, द्या इकडे." पण भिमाबाईनं टोपली मागे घेतली. "आधी डायवरनं घेतलं पाह्यजे. गाडी थो चालवते."

एक हट्टी खाली, एक हट्टी वर आणि तिसरी मी मधे. मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "चला ना भाऊ, पेशंट हाये गाडीत." पेशंट म्हणून ज्या म्हाताऱ्याकडे बोट दाखवलं तो म्हणाला, "मले काही घाई नाही. सीताफळं कवा देता थे पाहा."

मी चालकाला म्हटलं, "तुमच्या गावात गुऱ्हाळ लागतं का?"

"लागतंय की."

"पहिल्या दिवशी गुऱ्हाळावर गेलात तर रस विकत देतात?"

त्यानं मानेनंच नाही म्हटलं.

"वाटसरू आला तर त्याला काकवी न चाखवता सोडतात? तो नको म्हणाला तर गुऱ्हाळवाल्याला कसं वाटतं?"

"त्ये येगळं," तो म्हणाला, पण आवाजातली धार गेली होती.

"काय वेगळं? तिथं ऊस आहे, इथं सीताफळ आहे. ही तुम्हाला लाच देत नाही बाबा. ही तुम्हाला पाहुणा करतीय."

त्यानं स्टेअरिंगवरचे हात काढले. खिडकीतून एक ओंजळ खाली आली. भिमाबाईनं त्यात एक सीताफळ ठेवलं, टोपलीतलं सगळ्यात थोरलं. तिला वाटलं तो ते ठेवून देईल. त्यानं तिथंच फोडलं आणि तोंड लावलं. बिया हातात घेतल्या, खाली टाकल्या नाहीत. मग म्हणाला, "असलं आमच्याकडं न्हाई."

मग काय, सगळी गाडी तुटून पडली. सुनीता एका खिडकीशी, बाकीच्या दुसऱ्या खिडक्यांशी. पेशंटनं दोन खाल्ली. गाडी निघाली तेव्हा आतून लोक बोटं चाटत हात करत होते. मलाही भूक कडकडून लागली. मी तोऱ्यात झाडाखाली गेले आणि मघाच्याच वाट्याकडे हात केला.

भिमाबाईनं भाव सांगितला.

"अहो, गाडी मी थांबवली," मी म्हटलं.

"थांबवली ना. पण तुमी गाडीत नव्हत्या. गाडीचा वाटा गाडीतल्याइचा." तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, डोळ्यांत मात्र होतं. "तुमी गिऱ्हाईक. पह्यलं गिऱ्हाईक."

"मग वर एक तरी द्या."

"बोहनीच्या टायमाले घासाघीस करू नका बाई."

मी पूर्ण भाव दिला, मुकाट्यानं. तिनं पैसे कपाळाला लावले. मी झाडाला टेकून तो अख्खा वाटा एका बैठकीत संपवला, हनुवटीवरून रस गळेपर्यंत, आणि एवढं गोड मी कधी फुकट खाल्लेलं नाही.

व्यापाऱ्याचा पिकअप आला तेव्हा दोन मोटारसायकलवाले आणि एक जीप झाडाखाली उभी होती. त्यानं मागचं फळकं खाली पाडलं, कॅरेटं काढली. सुनीता पुढे झाली. मला वाटलं, आता ही शब्द दिला म्हणून भरून देणार. ती म्हणाली, "भाऊ, गाडी थांबली. आता इकाचं हाये, पण वाट्यानं. किती वाटे देऊ?" तो बराच वेळ कुरकुरला. मग त्यानंही काही वाटे घेतले, कॅरेटाचा तळ झाकण्यापुरते.

वणीची गाडी

त्यानंतर चार-पाच दिवसांनी परतीची रेल्वे मला वणीहून धरायची होती. पांढरकवड्याहून वणीला सरळ रस्ता आहे. मी झरीवरून वळसा घालून जाणारी गाडी धरली. मनीषानं कपाळाला हात लावला. मला बघायचं होतं, की त्या दिवशी जे झालं ते एका भांडखोर म्हातारीच्या हातापुरतंच होतं का. रीत पूर्ण झाली होती, पण थांबा अजूनही शिवेच्या पलीकडे होता, आणि रोज रस्त्यात उभं राहायला मी काही तिथे राहणार नव्हते.

तोच चालक होता. मला बघून त्यानं ओळख दिली नाही. मीही दिली नाही. फाटा जवळ आला. मोहाखाली टोपल्या होत्या, पण या वेळी कुणी उठलं नाही, कुणी हात वर केला नाही.

गाडीचा वेग कमी झाला आणि दगडाच्या अलीकडे, बरोबर झाडापुढे, ती थांबली. चालक दार उघडून खाली उतरला. "कुणी उतरू नका," त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "थांबा फुडं हाय. मला टायर बघाय लागत्यात."

तो पुढच्या टायरला लाथ मारून बघत असतानाच टोपल्या खिडक्यांशी आल्या होत्या. हे रोजचंच असावं, कारण प्रवाशांनी सुटे पैसे आधीच हातात धरलेले होते. एक शहाणा म्हणाला, "डायवर साहेब, टायर तं डेपोत पाह्यले असतीन ना सकाळी?"

"परत बघितलं म्हणून झिजत न्हाईत," चालक म्हणाला. त्यानं गाडीला सावकाश फेरी घातली, प्रत्येक टायर दाबून पाहिला, स्वतःसाठी एक वाटा पैसे देऊन घेतला आणि दार धरून वर चढायला पाय ठेवला.

मागच्या खिडकीतल्या बाईचा वाटा अजून सुनीताच्या हातातच होता. भिमाबाईनं ते बघितलं. ती झाडाखालून, जागची न उठता म्हणाली, "मांगचा टायर नीट नाही पाह्यला जी तुमी."

चालकानं वर ठेवलेला पाय खाली घेतला आणि तो मागचा टायर बघायला गेला.